छोट्या गटाच्या भिंती

२ जून, सकाळी ८
बालवाडीच्या छोट्या गटाची खोली सजवायचं काम आजपासून माझ्याकडे. आमच्या हिने तिथे बावीस वर्षं शिकवलं. ही जाऊन चार महिने झाले, पण त्याचा इथे काही संबंध नाही. प्रश्न बजेटचा आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, यंदा सजावटीला पैसे नाहीत. म्हटलं, पैसे लागतात कुणाला? छत्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेत. ससा म्हणजे काय मोठं?
मुदत: आठ दिवस. खर्च: शून्य. भावना: शून्य.

दुपारी
हिच्या कपाटातून सामान काढलं. अंड्यांचे ट्रे, बाटल्यांची बुचं, जुनी कॅलेंडरं, लोकरीचे तुकडे. हा कचरा साठवू नकोस म्हणून जन्मभर हिच्या कानीकपाळी ओरडलो. पिशवीवर हिच्या अक्षरात चिठ्ठी: 'टाकू नये.' टाकत नाहीये, असं मोठ्याने म्हणालो. घरात कुणी नव्हतं ते बरं.

४ जून
नव्या बाई आल्या. वयाने माझ्या मुलीहून लहान, पण वर्ग आता त्यांचा. त्या शिरल्या तेव्हा मी बोलत होतो. कुणाशी बोलताय काका, म्हणाल्या. मापं मोठ्याने घेतली की चुकत नाहीत, असं सांगितलं. 'अजून थोडं वर घेऊ का?' हे कुठलं माप, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. टेक्निकल आहे. सगळ्यांना कळत नाही.

५ जून
जिराफ लागला. अप्रतिम. विकतचा गोंद म्हणजे उधळपट्टी. घरीच कणकेची खळ शिजवली.

६ जून
जिराफावर मुंग्या. खुरांपासून कानांपर्यंत, एका रांगेत.
ही खळीत काहीतरी घालायची. काय, ते आठवेना. मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मला काय विचारता? तुमच्यासमोरच तर शिजवायची. हो, पण मी पेपर वाचत असायचो. पेपर वाचणं हा गुन्हा नाही.
दिवसभर तेच डोक्यात. काय घालायची?

७ जून
गोंद विकत आणला, चांगला खोकंभर. ही उधळपट्टी नव्हे, गुंतवणूक.
खिडकीपाशी हिची लाकडी खुर्ची अजून आहे. पंख्याने कुरकुरते. पंखा बंद केला. तरी कुरकुरली. लाकूड आहे, हवामानाचा परिणाम. पाठ करून काम केलं. मग उगाचच खुर्चीकडे तोंड करून केलं. उजेड तिकडून चांगला येतो.

८ जून
हत्तीची सोंड दोनदा पडली. ससा उंदरासारखा दिसतो, असं नव्या बाईंचं मत. मी म्हणालो, उंदीरही प्राणीच. त्या हसल्या, शिडी धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, काका, तुम्ही दमलात, उरलेलं मी करते. साफ नाही म्हणालो. हे काम संपलं की... काही नाही. हे काम संपवायचं आहे, एवढंच.

९ जून, संध्याकाळी ५
सगळ्या प्राण्यांना बुचांचे डोळे लावले. त्यात काळी बुबुळं रंगवली. काम फत्ते. मुलं भिंतीसमोरून हलणार नाहीत.

१० जून
शाळा उघडली.
मुलं आली. भिंतीकडे ढुंकून पाहिलं नाही. गोंदाच्या रिकाम्या खोक्यात बसायला मारामारी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, छान, वेगळंच झालंय. 'वेगळंच'चा अर्थ मला कळतो.
मी कोपऱ्यातल्या चिमुकल्या खुर्चीवर बसलो. एक दोन शेंड्यांची मुलगी आली, एकेका प्राण्यासमोर थांबली. वाटलं, चला, एक तरी दर्दी निघाली. मग मला म्हणाली, आजोबा, हे सगळे दाराकडे का बघतायत?
वर पाहिलं. जिराफ, हत्ती, ससा, दोन माकडं. प्रत्येकाची बुबुळं दाराकडे. कालच मी एकेक करून माझ्या हाताने रंगवलेली.
कोण येणारे, तिने विचारलं.
कुणी नाही, म्हणालो.
तिला ते पटलं नसावं. शेजारची खुर्ची ओढून बसली आणि दाराकडे बघायला लागली. मीही बघितलं. नव्या बाईंनी तिला हात धुवायला नेलं तेव्हा ती म्हणाली, आजोबा, कुणी आलं की मला हाक मारा.
हो म्हणालो.