नवी क्लच केबल

गुरुवार, दिवेलागणीले

गाडी इकायची ठरवली. ईदच्या तोंडावर इंझोरीच्या वळणावर पडलो तवापासून डाव्या हातात जोर नाही, अन् मी क्लचलेच शिव्या देऊन राह्यलो. दोनदा केबल बदलली. आज मिस्त्री म्हणे, "चाचा, केबल नवीच हाय. हात दाखवा कोणाले." राग आला. काहून? खोटं थोडीच बोलला? पण आता बांगड्या घेऊन तांड्यांवर जाऊ कसा? एसटी तिथं जात नाही.

बायकोले केबलचं बोललोच नाही. सांगतलं, गाडी एव्हरेज देत नाही, इकून टाकतो. "बरं," म्हणे, अन् गाडीवरची बांगड्यांची पेटी सोडायले गेली. तवा ध्यानात आलं, ईदपासून त्या पेटीची दोरी रोज तीच आवळून बांधते. मी कधी इचारलंच नाही, काहून.