खरवडीचा मोठा तुकडा

खैतान, कुवेत
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

प्रिय नूरी,
अस्सलामु अलैकुम.

खर्र... खर्र... पातेल्याच्या बुडाशी आईचं उलथनं. साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज आज दुपारी पुन्हा ऐकला, म्हणून लिहायला बसलो. इकडे सगळे खुशाल. थंडी बोचरी आहे, गुडघे कुरकुरतात. तुमच्याकडे आंबा मोहरला असेल.

त्या आवाजाला चाल होती, आठवतं? गुरुजींनी पाठ करायला दिलेल्या कविता मी त्याच ठेक्यावर म्हणायचो. आई मधेच थांबली की माझी ओळ अडायची.

आमच्या आमिरची मुलगी, माझी नात रिदा, कोरियन मालिका बघून बघून अर्धी कोरियन झाली आहे. आज जुम्म्याच्या नमाजाहून आलो, तर कालचा उरलेला भात तिने तव्यावर ओल्या चमच्याने पातळ थापला होता. आच मंद. हळूहळू कडा सोनेरी झाल्या, सुटल्या, आणि तिने उलथनं घातलं. खर्र! मी हात पुढे केला, तर म्हणते, "दादा, डोन्ट टच! इट्स नुरुंजी."

"अगो, ही आमची खरवड!"

"नो दादा, इट्स कोरियन."

घ्या! मग तव्याला चिकटलेल्या तुकड्यांवर पाणी ओतून तिने ते उकळलं. हा म्हणे त्यांचा चहा. पहिला घोट घेतला आणि समोर आई दिसली. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, चुलीपाशी, बुडाला लागलेल्या पातेल्यात गरम पाणी ओतून तेच पिणारी. 

तुला मात्र खरवड कधीच मिळाली नाही. "पोरीने खाल्ली तर लग्नात पाऊस पडतो," आई म्हणायची. सगळी माझ्या ताटात. तू नुसती बघायचीस.

आणि तरीही तुझ्या लग्नात पाऊस पडलाच. शहाऐंशीचा मे. आईने नंतर कळवलं होतं, भाई येईल म्हणून निकाह असरच्या नमाजापर्यंत थांबवला, मांडव भिजला, तू दाराकडे बघत बसलीस.

मी तार केली होती, रजा मिळाली नाही.

नूरी, रजा मिळाली होती. वीस दिवसांची. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत साहेबाने सही करून कागद हातात दिला, आणि मी तो घडी करून कवितांच्या वहीत ठेवला. अजून तिथेच आहे, पिवळा पडलेला. कुवेतवाल्याची बहीण, आणि नवरा होडीवरचा खलाशी! चारचौघांत तौफीकला 'दाजी' म्हणायची मला लाज वाटली. इतकंच. पुढे गावी आलो तेव्हाही तुझ्या दारावरून मान खाली घालून गेलो. दर ईदला कार्ड टाकतो, पण हे एक वाक्य कधी त्यावर उतरलं नाही. तू उत्तर देत नाहीस, तेव्हा वाटतं तुला सगळं ठाऊक असावं.

थांब, बेल वाजली.

"दादा, समवन फॉर यू," रिदाने हाक मारली. दारात एक उंच म्हातारे गृहस्थ, चपला आधीच बाहेर काढून उभे. मागे एक मुलगी, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड. चेहरा हुबेहूब तुझा.

"सलाम, भाई. ही तहरीम, आमची धाकटी. इथे नर्स आहे. तिच्याकडे आलोय महिनाभर." मग म्हणाले, "तुमची बहीण म्हणाली, त्याच्याकडे अजिबात जायचं नाही. पण तुमच्या ईदच्या कार्डाचं पाकीट तिनेच माझ्या पिशवीत घातलं. पत्त्यासकट."

मी दार सताड उघडलं. म्हटलं, "या, दाजी."

ते बाहेरच्या खोलीत रिदाचा तो चहा फुंकून फुंकून पिताहेत. मी आत हे पुरं करतोय. खरवड मोडली, मोठा तुकडा डब्यात ठेवला. डबा आणि पत्र दाजींच्याच हाती देतो. पोचेपर्यंत मऊ पडेल कदाचित, तव्यावर जरा गरम कर. आणि न भिता खा. पाऊस येऊन गेला आहे.

तुझ्या लग्नाला पोचायला उशीर झालेला,
भाई