लाकडी ग्रीनहाऊसची डावी भिंत

ती. अक्कांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या पत्रातच वाकता येते. का धरली ते पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. थांबला नसेल तर त्यांचे औषध तुमच्यासमोर घ्यायला लावा. मागच्या वेळी ते चमचा खिडकीबाहेर रिकामा करताना मी पाहिले होते. (मी सांगितले हे कळू देऊ नये.)

पत्रास कारण की, हिने जाण्याआधी झाडांसाठी मागवलेले लाकडी ग्रीनहाऊस अखेर उभे राहिले. ही गेल्यावर महिनाभरातच माझ्या हातून हिच्या दोन कुंड्या वाळल्या, तेव्हा उरलेल्या सतरा तुम्ही उचलून नेल्यात आणि दारातून बजावलेत, "ते खोक्यातलं घर थंडीच्या आत उभं करून दाखवा, तरच माझ्या बहिणीची झाडं परत मिळतील. नाहीतर विसरा." तुमचे म्हणणे बरोबर होते. पण तेव्हापासून मागच्या अंगणात फरशीवर कुंड्यांचे सतरा गोल डाग राहिले आहेत. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्याभोवतीने फिरतो. डागावर पाय पडू नये असे उगाचच वाटते.

तर मागच्या आठवड्यात खोके फोडले. आतून एकशे बारा लाकडी पट्ट्या, पारदर्शक पत्रे, स्क्रूंच्या पिशव्या आणि एक सूचनापुस्तिका निघाली. तिची अक्षरे इतकी बारीक, की मी शेजारच्या कंपाउंडरांना बोलावले. हे गृहस्थ चाळीस वर्षे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधे देत होते, त्यामुळे त्यांना कसलेही अक्षर लागते. मीही काही अगदीच अडाणी नाही. नोकरीभर पुलांची रेखाचित्रे काढली आणि त्यातला एकही पूल अजून पडलेला नाही. तेव्हा त्यांनी वाचायचे आणि मी जोडायचे असे ठरले. खुर्ची टाकून ते बसले आणि सुरू झाले, "पान पाच. डावी भिंत. चार मोठे स्क्रू, दोन लहान. वापरण्यापूर्वी चांगलं हलवून घ्या. नाही नाही, ते आपलं औषधाचं."

तीन दिवस काम उत्तम चालले. एकही पट्टी अडली नाही, एकही भोक चुकले नाही. चौथ्या दिवशी शेवटचा पत्रा बसवून आम्ही दोघे मागे सरकून बघत राहिलो. घर झकास उभे होते. फक्त त्याला दार नव्हते. दार होते, पण पलीकडच्या बाजूला. स्वयंपाकघराकडे यायचे ते कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि मध्ये जेमतेम एक वीत जागा. एखाद्या मांजराने मनात आणले असते तर आत जाता आले असते.

कंपाउंडरांनी पुस्तिका पहिल्यापासून पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी विचारले, "साहेब, तुमचा डावा हात कुठला?"

मी उजवा वर केला.

त्यांनी उठून माझी नाडी बघितली.

अक्का, आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुमची बहीण माझ्यापेक्षा सर्वच बाबतीत हुशार होती, पण डावे-उजवे तिला कधी जमले नाही. "डावीकडे वळा" म्हणायची आणि उजवीकडे वळायचे असायचे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आम्ही तुमच्याकडे यायला निघालो आणि भलत्याच गावी जाऊन पोचलो. तेव्हापासून मी मुकाट्याने उलटे ऐकायला शिकलो. घरातले कपाट, पलंग, पुस्तकांची मांडणी, सगळे असेच जोडलेले आहे. ती कागद वाचायची, मी उलटे करायचो, वस्तू बरोबर व्हायची. मी हे तिला कधी सांगितले नाही. त्यामुळे आपण फार नेमके सांगतो असा तिचा शेवटपर्यंत समज होता. चौतीस वर्षांत माझ्या कानांना अशी सवय लागली आणि कंपाउंडर बिचारे बरोबर वाचत होते.

हे लक्षात आले आणि मला हसू फुटले. सात महिन्यांत असे हसलो नव्हतो. कंपाउंडरांनी आपल्या बायकोला हाक मारली, "अगं, पाणी आण लवकर, साहेबांना काहीतरी होतंय!" ती आली, तिने पाणी मला न देता त्यांनाच दिले आणि म्हणाली, "अहो, खोलता कशाला सगळं? अजून जमिनीत ठोकलंय कुठे? उचला आणि फिरवा."

तेवढ्यात पोस्टमन आला. त्याला पिशवी खाली ठेवायला लावून आम्ही चौघांनी चार कोपरे धरले. बाईंनी "डावीकडून फिरवा" असा हुकूम सोडला. तिघे एका बाजूला फिरले, मी दुसऱ्या. (कंबर इथे धरली.) दुसऱ्या खेपेस त्यांनी तोंडाने न सांगता मला दंडाला धरून फिरवले आणि दार स्वयंपाकघरासमोर आले.

काल दुपारी आत स्टूल टाकून बसलो. बाहेर गार वारा होता, आत छान ऊब होती आणि ताज्या लाकडाचा वास. जरा वेळ टेकतो म्हणून बसलो ते दोन तास झोपलो. बरे वाटले. तर अट पूर्ण झाली आहे. कुंड्या तुमच्या सवडीने पाठवाव्यात, घाई अजिबात नाही.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. दार पूर्ण लागत नाही. माझी एक चप्पल खाली अडकवून ठेवली की लागते. सोबतच्या फोटोत चप्पल दिसेल, ती विसरलेली नाही.

पुन्हा ता. क. नऊ स्क्रू उरले आहेत. कंपाउंडर म्हणतात, कंपनी जास्तीचेच देते. असे ते माझ्याकडे न बघता म्हणतात.

आणखी एक. वर घाई नाही असे लिहिले, ते खोडायचे होते, पण पत्र घाण दिसले असते. घाई आहे. आणि नुसत्या कुंड्या येऊन भागणार नाही. ही सांगायची त्या कुंडीला मी पाणी घालायचो. कुठल्या झाडाचे नाव काय, कोणाला ऊन चालते, हे मी कधी विचारले नाही. घरात दोघांनाही माहीत असायची काय गरज, असे वाटायचे. तेव्हा कुंड्यांबरोबर तुम्हीही या आणि सतराही जणींची माझी ओळख होईपर्यंत राहा. फक्त कुंड्यांचा टेम्पो पुढे पाठवून मागून बसने येऊ नका. टेम्पोतच ड्रायव्हरशेजारी बसा. त्याला काही बोलायची गरज नाही. खड्डा आला की त्याच्याकडे नुसते बघा.