ब्लॅक करंट, पाणी घालून घ्यावा

रास अल खैमा,
६ मार्च १९९८

ती. सौ. सुहासिनीताईस,
सदानंदचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. नानांचा ताप उतरून इतके दिवस झाले तरी ते पाण्याला तोंड लावत नाहीत, पाणी गंजलेल्या तारेसारखं लागतं म्हणतात आणि दोन कप चहावर दिवस काढतात, हे वाचून डोकं फिरलं. पोटात पाणी गेलं नाही तर मूत्रपिंडं थकतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तू लिहितेस, आग्रह करून दमले. अगं ताई, आजारी माणूस आग्रहाने पीत नाही. त्याला चव लागते.

म्हणून आमच्या फॅक्टरीतल्या प्रल्हादबरोबर सरबताची बाटली पाठवतोय. तो लांज्याचाच आहे, घरी आणून देईल. फळाचं नाव ब्लॅक करंट. मराठीत त्याला नाव नाही, मी शोधून पाहिलं. मिरीपेक्षा मोठं, जांभळापेक्षा लहान, आंबट-तुरट आणि क जीवनसत्त्वाने ठासून भरलेलं. आमच्या इंग्रज इंजिनिअरांच्या बायका ज्या सुपरमार्केटात जातात, तिथे फ्रोझन मिळतं. हे सरबत मला कुणी शिकवलेलं नाही. टाइल भाजायच्या भट्टीचं तरी कोण शिकवायला आलं होतं? पुस्तक आणि डोळे, बस.

माझी रीत लिहून ठेवतो, म्हणजे तुला कळेल की हे येरागबाळ्याचं काम नाही. फळं लाकडी रवीने चेचायची. मिक्सर नको, बी फुटलं की कडू होतं. अॅल्युमिनियमचं भांडं वर्ज्य. उकळायचं नाही, नुसतं कोमट करायचं. उकळलं की जीवनसत्त्व खलास. मग स्वच्छ पंचात बांधून टांगायचं आणि आपोआप गळू द्यायचं. पिळायचं नाही म्हणजे नाही! पिळलं की गाळ उतरतो. साखर बेताची, मीठ चिमूटभर. विभावरी पंचांवरून रोज भांडते आणि आभा मला इंग्रजीतून ऐकवते की, जांभळे दात घेऊन ती शाळेत जाणार नाही. घरात कदर नाही ती अशी.

तुझा धांदरटपणा लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे बाटलीवर लाल शाईने लेबल लावलंय. ते अक्षरशः पाळ.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये. पातळ फक्त सरबत करावं.

तुझा,
सदानंद

लांजे,
३० मार्च १९९८

चि. सदानंद यास अनेक आशीर्वाद.

बाटली पोचली. म्हणजे निम्मी पोचली. निम्मी प्रल्हादच्या बॅगेने प्यायली. बायकोसाठी आणलेली त्याची मोतिया साडी आता जांभळी आहे आणि ती बाई बाजारात मला बघून तोंड फिरवते.

पुढचं ऐक. मी ग्लास तयार करीपर्यंत नानांनी चष्मा लावला आणि तुझं लेबल वाचलं. तू काय लिहिलंस ते तुझं तूच परत वाच. 'ब्लॅक करंट. सावधान. पाणी घातल्याशिवाय तोंडाला लावू नये.' तेही लाल अक्षरांत! अरे शहाण्या, जन्मभर वीज मंडळात लाइनमन म्हणून खांबावर चढलेल्या माणसापुढे तू हे ठेवतोस? नाना म्हणाले, करंट आणि पाणी एकत्र आणू नये हे या पोराला शाळेत असताना शिकवलं होतं, परदेशात जाऊन तेवढंही विसरला. मी फळ आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, फळावर सावधान कशाला लिहील? शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, करंट्याने करंट धाडला. झालं. तुझी बाटली फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवलीय.

आता हसू नकोस. परवा मोरीकडे जाताना त्यांना भोवळ आली. भिंत धरून खालीच बसले. डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेले. म्हणाले, असंच चाललं तर रत्नागिरीला न्यावं लागेल. नाना नळीकडे बघत विचारत होते, हिला अर्थिंग दिलंय का. जीभ जाग्यावर आहे रे, पण माणूस वाळत चाललाय. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.

जमलं तर ये. लेबलं पाठवू नकोस.

सगळ्यांना आशीर्वाद. माझी माया बाटलीत मावणारी नाही, म्हणून कोरड्या कागदातूनच धाडते.

ताई

रास अल खैमा,
१४ एप्रिल १९९८

ती. सौ. ताईस,
सदानंदचा सा. नमस्कार, वि. वि.

कपाळावर हात मारून घेतला. सावधान लिहिलं ते डागासाठी! कपड्यावर पडला तर जात नाही, हे प्रल्हादच्या साडीने सिद्ध केलंच आहे. आणि पाणी घालायचं कारण ते घट्ट आहे. यात विजेचा संबंध कुठे आला? एक माणूस लेबल नीट वाचेल तर शपथ.

खालचा परिच्छेद नानांना मोठ्याने, न अडखळता वाचून दाखव:

'करंट हा शब्द विजेचा नव्हे. दोघांचं स्पेलिंगही वेगळं आहे. ग्रीस देशात कोरिंथ नावाचं बंदर आहे. तिथून बारीक मनुका जहाजाने जात. त्या गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन करंट झालं आणि पुढे ते नाव या फळाला चिकटलं. करंटा या मराठी शब्दाशीही त्याचं नातं नाही.'

शेवटचं वाक्य दोनदा वाच.

सुट्टी मागितली. भट्टीचं दुरुस्तीचं काम निघालंय. मॅनेजर इन्शाल्ला म्हणाला, आणि त्याच्या तोंडच्या इन्शाल्लाचा अर्थ 'नाही', हे इथे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी येईपर्यंत माझं सरबतच जे काय करील ते करील. त्याच्या जागी दुसरं काही चालणार नाही. पर्याय नाही, हे नीट समजून घे.

रागावलो तरी लोभ वजा धरू नये.

तुझा,
सदानंद

ता. क. ती. ताईंना विभावरीचा नमस्कार. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी. ह्यांना स्वतःला आंबट मुळीच सोसत नाही, दात शिवशिवतात. तरी शुक्रवारी सकाळपासून ओट्याशी उभे राहून घोट घोट चाखतात आणि मला विचारतात, नानांना एवढं आंबट चालेल ना? नाना काही प्यायले तर तेवढं आधी कळवा. माझ्या पंचांचं काय व्हायचं ते होवो.

लांजे,
९ मे १९९८

चि. सदानंद यास आशीर्वाद.

तुझा परिच्छेद वाचला. मी बंदरापर्यंत पोचले तेव्हा नाना घोरत होते.

मग डोंगरातली करवंदं आली. पर्याय नाही असं तू ठणकावलंस ना, म्हणून मुद्दाम करवंदं घेतली आणि तुझ्याच रीतीने करायला बसले, पडवीत, नानांच्या खाटेसमोर. रवीने चेचलं, कोमट केलं, पंचात बांधून उलट्या स्टुलाला टांगलं. थेंब थेंब गळतंय, मला मागे दहा कामं. म्हणून पंचा धरला आणि पिळला. तर खाटेवरून केवढ्याने ओरडले! पिळू नको लिहिलंय ना त्याने? त्याचं पहिलं पत्र तू मोठ्याने वाचलंस तेव्हा मी ऐकलंय.

तुझं पहिलं पत्र मागून घेतलं. चष्मा लावून सगळी रीत वाचली. म्हणाले, लेबल लिहिता येत नाही, पण काम शिस्तीचं आहे. मग माझी गाठ ढिली आहे म्हणून भिंत धरून उठले, सदा, स्वतःहून उठले, आणि तारेला मारतात तसली गाठ मारून पंचा पुन्हा टांगला. संध्याकाळपर्यंत थेंबांवर पहारा. गाळ उतरला की नाही बघायला चाखलं. मीठ बघायला परत चाखलं. असं करत वाटी संपली आणि दुसरी मागितली.

आता रोज दोन तांबे जातात. डॉक्टर म्हणाले, रत्नागिरीची गरज नाही. आणि मला माझ्याच स्वयंपाकघरात जागा नाही. रवी अशी धरू नको, पातेलं तसं ठेवू नको. तुम्ही दोघे बापलेक एकाच मातीचे, आणि भाजलेत जास्त. मी वैतागले आहे, पण हा वैताग असाच राहू दे.

सोबत नानांची चिठ्ठी आहे. विभावरीला सांग, पंचे मी पाठवते.

ताई

चि. सदानंद यास आशीर्वाद.

तुझी रीत तपासली. दोन उणिवा आहेत. करवंदाला चीक असतो, फळं आधी मिठाच्या पाण्यात टाकावी लागतात. तुझ्या फळाला चीक नसेल, आमच्या फळाला आहे. दुसरं, पंचाची गाठ कोणती ते तू लिहिलेलंच नाहीस. गाठ लिहून समजत नाही, समोर बसवून दाखवावी लागते.

साहेबाशी भांडून येऊ नकोस. करवंदं पुढच्या वैशाखातही आहेत. मीही आहे.

तुझी बाटली काल उघडली. बरी आहे. लेबल मात्र काढून टाकलं आणि माझ्या हाताने दुसरं लावलं: 'लाइन बंद केली आहे. हात लावण्यास हरकत नाही.'

नाना