दुर्बिणीचा बॅटरीडबा

सिडको, नाशिक
६ डिसेंबर २०२५

प्रिय इमरान,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. रागावला असशील. इकडे सगळं ठीक, योगिनीच्या गुडघ्याची कुरकुर सोडली तर. अम्मींना सलाम सांग, जहिदाभाभींना नमस्कार.

डबा तयार आहे. शेवटी हत्यारांच्या जुन्या पेटीतच बसवला. लिथियमचे चार सेल, फ्यूज, बाहेरून व्होल्टेज दिसायची सोय. तुझ्या दुर्बिणीचा, ग्रहताऱ्यांमागे आपोआप सरकणारा मोटरवाला स्टँड आणि भिंगावर दव धरू नये म्हणून लावायचा गरम पट्टा, दोन्ही रात्रभर आरामात चालतील. तुमच्या नांदगावच्या शाळेच्या मैदानात वीज नसली तरी काही अडणार नाही, असं मी गेल्या रविवारपर्यंत म्हणत होतो.

रविवारी दुपारी तुझ्या स्टँडला प्लग लावला. टिक्क झालं आणि जळका वास आला. प्लगमधल्या दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या. मोटरचं सर्किट गेलं.

तू म्हणशील, मीटर लावून बघितलं नाहीस? नाही बघितलं. मीटरशिवाय प्लग लावायचा नाही हे आपल्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला मीच दटावून सांगितलंय, अमितला तर एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं. अरे, मीटरची टोकं त्या एवढ्याशा प्लगवर टेकेनातच. चार वेळा घसरली. योगिनी आतच होती, हाक मारली असती तर तिने धरली असती. पण मग तिला कळलं असतं. म्हटलं जाऊ दे, आपण काय आजचे आहोत का.

उजवा हात दिवाळीच्या आधीपासून थरथरतो. डॉक्टर कंपवात म्हणतात. गोळ्या चालू आहेत. हे अक्षर बघून तुला शंका आलीच असेल. घरी आता सांगितलंय. एवढे दिवस लपवलं म्हणून योगिनी दोन दिवस धड बोलली नाही.

दुरुस्तीवाल्याने हात वर केले. नवीन सर्किट यायला दोन महिने, आणि तुझा कार्यक्रम वीस तारखेला. साठ पोरं शनी बघायला येणार. मोटर नसेल तर हाताने दुर्बीण सरकवत दाखवायचं, पूर्वी आपण तेच करायचो. पण तेव्हा दुर्बिणीवर हात माझा असायचा. आता नुसता टेकवला तरी शनी जागेवर राहायचा नाही. तू विश्वासाने वस्तू दिलीस आणि मी आठवडाभर तोंड लपवून बसलो. फार लाज वाटते रे. काय करावं, काही म्हणजे काही सुचत नाही.

स्टँड न्यायला तरी ये. सरकवायचं कसं ते तुला तोंडाने सांगेन, तेवढं अजून जमतं. ओरडायचं असेल तर समोर बसून ओरड, मी ऐकून घेईन. फक्त वीस तारखेला पोरांसमोर मला दुर्बिणीजवळ बोलावू नकोस.

अजून तुझाच म्हणवून घेणारा,
जीवन