गुरुवारचा समुद्र

आई, गेल्या गुरुवारी पुन्हा समुद्रावर जाऊन आले. तू पाण्यात उतरायचीस तिथेच, अगदी टोकाला. आता तिथे काचेच्या गॅलऱ्यांची उंच घरं उभी आहेत आणि लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर कुत्र्यांसाठीसुद्धा पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं. पण त्या बाईबद्दल माझ्या पोटात जे दुखायचं, ते मात्र अजून तसंच दुखतं. मत्सर वगैरे शब्द पुस्तकात ठीक आहेत. मी तिच्यावर जळत होते, आई, आणि तुला ते दिसत होतं.

तो २००४चा उन्हाळा. नातीची शाळा बंद, आमची दोघांची ऑफिसं चालू, म्हणून तुला नागपूरहून इकडे अमेरिकेत बोलावून घेतलं. आयसेलिनच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तू दिवसभर काय करशील याची मला काळजी होती. ओक ट्री रोड पायी जाण्यासारखा, साड्यांची दुकानं आहेत, देवळात जाणाऱ्या बायका आहेत, कुणीतरी भेटेल असं वाटलं होतं. तुला भेटली ती तळमजल्यावरची म्हातारी. तीसुद्धा कपडे धुण्याच्या खोलीत. काळी, उंच, सत्तरीच्या पुढची, शाळेच्या कँटीनमध्ये जन्मभर स्वयंपाक करून रिटायर झालेली. तिचे सुजलेले पाय बघून तू ओळखपाळख नसताना तिला खुर्चीवर बसवलंस, दुसरी खुर्ची पायांखाली सरकवलीस आणि नागपुरात मेयो हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स असताना पेशंटला दम द्यायचीस तसा दम दिलास, "सॉल्ट बंद. लेग अप." तेव्हापासून ती तुला 'नर्स' म्हणायला लागली आणि तू तिला 'बाई'. माझ्या लेकीने तिचं नाव ठेवलं गुरुवारची आजी. म्हणजे आठवड्याभरात तुम्हा तिघींची एकमेकींसाठी नावंही ठरली होती, आणि मी आपली ऑफिसातून फोन करून विचारत होते, आई, बोअर तर होत नाहीस ना.

गुरुवार का, तर त्याला कारण होतं. बाई समुद्रकाठच्या एका गावात वाढली होती. तिची आई तिथल्या मोठ्या हॉटेलच्या चादरी धुवायची. त्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे, म्हणून रेल्वेच्या रुळांपलीकडे, जिथे त्यांची वस्ती होती, तिथे तिच्या आईने स्वतःच्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. गुरुवार हा गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी न्यूअर्कहून, हार्लेमहून बस भरून बायका यायच्या, घरभर तळलेल्या माशांचा वास सुटायचा, आणि मग सगळ्या मिळून समुद्रावर. समुद्र मात्र त्यांचा तेवढाच, टोकाचा तुकडा, जिथे गावाच्या गटाराचा पाइप पाण्यात सोडला होता. ती मला एकदा म्हणाली, "साउथमध्ये पाट्या असायच्या, कुठे कुठे तर पाण्यात दोर बांधलेला असायचा. आमच्याकडे पाटीसुद्धा लागली नाही. सगळ्यांना माहीतच होतं." आता तिला कुठेही बसायला कुणाची ना नव्हती. तरी ती दर गुरुवारी आपली जुनी लांबलचक गाडी काढायची आणि त्याच टोकाला जाऊन बसायची. मी विचारलं, का? तर म्हणे, "तो आमचा आहे." मला तेव्हा वाटलं, काय ही म्हातारी, गटाराच्या पाइपाचंही कौतुक.

तू तिच्याबरोबर जातेस हे मला माहीत होतं. वाळूवर बसून गप्पा मारत असाल असं धरून चालले होते. मग एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "आई, आजी आता फ्लोट करते. इन द ओशन. ऑन हर बॅक. शी'ज गुड." मी तुझ्याकडे बघितलं. तू वरण वाढत होतीस, आणि वाढतच राहिलीस.

आई, तू? कन्हान नदीच्या काठावर शेजारच्या मुलींबरोबर मी फक्त पाय बुडवून बसले होते, तेव्हा मागून येऊन तू मला दंडाला धरून उठवलंस आणि सगळ्यांसमोर अशी चपराक दिलीस की कानात शिट्टी वाजत राहिली. शाळेची सहल तलावावर निघाली, तर तू वर्गशिक्षिकेला जाऊन सांगितलंस, हिला पाण्यापासून लांब ठेवा. कॉलेजात मैत्रिणी पोहायला शिकत होत्या, मी विचारलं, तर तू म्हणालीस, "बुडून मरायचं हाय काय?" एवढंच. त्यामुळे मला आजही पोहता येत नाही, आणि इथे पोहता न येणाऱ्या आईकडे स्विमिंग पूलवरच्या पोरी दयेने बघतात. आणि तू, वयाची साठी उलटल्यावर, एका परक्या बाईच्या हातावर पाठ टेकून अटलांटिक महासागरात तरंगत होतीस.

पुढच्या गुरुवारी मीटिंग कॅन्सल केली आणि तुमच्याबरोबर आले. तुला आवडलं नाही हे मला कळत होतं. तिथे वाळूवर जायला पैसे देऊन बॅज घ्यावा लागतो, कपड्यांवर दिसेल असा लावावा लागतो. बाई खिडकीवर गेली आणि तिने बॅज घेतले. स्वतःचा, तुझा आणि माझ्या लेकीचा. मी पर्स काढायला लागले तर तू हलकेच म्हणालीस, "राहू दे. ते तिलेच घेऊ दे. लहानपणी तिले कोणी देत नव्हतं." म्हणून मी थांबले, तर ती माझा न घेताच पुढे निघून गेली. मुद्दाम नाही, विसरली असेल. मी गुपचूप रांगेत उभी राहिले. मागे वळून पाहिलं, तर तू तुझ्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून तिचा बॅज तिच्या छातीशी नीट लावून देत होतीस. इथल्या पिनांवर तुझा विश्वास नव्हता. लहानपणी शाळेत जाताना माझा रुमाल तू असाच लावून द्यायचीस, त्याच मोडक्या नखाने पिन दाबून, जीभ दाताखाली धरून. ऊन कडक होतं आणि रांग मोठी होती.

मग तू पाण्यात जातेस. माझाच जुना पंजाबी ड्रेस अंगात, ओढणी कमरेला बांधलेली. बाई तुझा हात धरून पुढे चालली आहे. लाट येते, तू डोळे मिटतेस, ती काहीतरी म्हणते आणि तू मागे झुकतेस, जणू न्हाव्याच्या खुर्चीत बसली आहेस. तिचा तळहात तुझ्या पाठीखाली. मग तो तळहात बाजूला होतो आणि तू तशीच राहतेस, पाण्यावर, पांढरे केस पसरलेले, तोंड आभाळाकडे. तू हसतेस. इतकं मोठ्याने हसताना मी तुला माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी लेकीला विचारलं, "आजी घाबरत नाही?" ती वाळूत खड्डा खणत होती. म्हणाली, "आधी घाबरायची. बिकॉज ऑफ द पॉन्ड." कसलं पॉन्ड? तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आजीच्या व्हिलेजमधलं. देअर वॉज अ लाइन. नॉट अ रिअल लाइन. यू डोन्ट नो दिस?" नाही, मला माहीत नव्हतं. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने, तुम्हा दोघींच्या दुभाषीने, मला सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मध्येच खड्ड्यात पाणी ओतत. तू तिच्याएवढी असताना, फार ऊन होतं म्हणून, गावच्या तळ्याच्या वरच्या पायऱ्यांवर उतरलीस. आपल्या लोकांनी तिथे उतरायचं नव्हतं. कुणीतरी बोंब मारली, माणसं धावली. आणि त्यांनी तुला हात लावायच्या आत तुझे वडील पोचले आणि त्यांनीच तुला सगळ्या गावासमोर मारलं, तोंडातून रक्त येईपर्यंत, म्हणजे गावाला मारायची गरज पडू नये. "गुरुवारच्या आजीला पण तिच्या आईने स्लॅप केलं होतं," लेक पुढे म्हणाली. "तिचा बॉल लाइनच्या पलीकडे गेला. शी रॅन. पोलीसमन येत होता. तिच्या आईने आधी मारलं. सेम, ना? त्या दोघी त्याच्यावर खूप हसल्या."

तळ्यावरच्या सत्याग्रहाचा धडा मी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. आपल्या घरात दरवर्षी जयंतीला हार यायचा, खीर व्हायची, मी भाषणं करायचे, बक्षिसं आणायचे. तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचीस. तळं तुझ्या अंगावरून गेलेलं आहे हे तू मला कधी कळू दिलं नाहीस. कन्हानच्या काठावरची ती चपराक कुठून निघाली होती ते मला तिथे वाळूत बसल्यावर कळलं. मला तुझी कीव यायला हवी होती. आलीसुद्धा, पण नंतर. आधी आला तो राग. चपराक माझी होती आणि तिचं कारण तू दुसरीला दिलंस.

परत येताना तू पुढे बाईच्या शेजारी, मी मागे लेकीजवळ. मला राहवलं नाही. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तू मागे न बघता म्हणालीस, "तुले त्यातून बाहेर काढून वाढवलं. परत आत काहून नेऊ?" मी म्हटलं, "मग तिला बरं सांगितलंस." बाईला मराठी कळत नव्हती, पण तिने हात पुढे करून रेडिओ बंद केला. तू म्हणालीस, "तिले समजावून सांगा लागलं नाही." मी म्हटलं, मलाही समजलं असतं. तेव्हा तू वळून माझ्याकडे पाहिलंस. "तू रडली असती. मंग मलेच तुले समजवा लागलं असतं." आणि मी रडत होतेच. लेकीने मला तिचा वाळूने भरलेला टॉवेल दिला.

ऑक्टोबरात तू परत गेलीस. तुझ्याशी बोलायला मी फोन कार्ड घ्यायचे, तर बाई वर यायची, "नर्सशी बोलू?" निम्मं कार्ड तिथेच संपायचं. ती तुला काय सांगते, तू काय समजतेस, इकडे ती खळखळून का हसते, काही कळायचं नाही. मी स्वयंपाकघरात मोठ्याने भांडी आवरायचे. पुढच्याच थंडीत तू कायमची गेलीस. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आले तर बाई जिन्यात बसली होती, सुजलेले पाय वरच्या पायरीवर ठेवून, तू शिकवलं होतंस तसे. ती माझ्याहून जास्त रडली. मला तेही खपलं नाही.

उन्हाळ्यात तिने मला नेलं. या वेळी माझाही बॅज तिनेच घेतला. पाण्यात तिने माझ्या पाठीखाली तळहात ठेवला आणि मी दगडासारखी खाली गेले. नाकातोंडात खारट पाणी. ती म्हणाली, "नर्सलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. तिने मला बोचकारलं होतं." माझी समजूत घालत होती बिचारी. मी पाण्यात उभी राहून विचार करत होते, हेही हिलाच माहीत. नंतर रुळांपलीकडची ती वस्ती बिल्डरांनी विकत घेतली, तिच्या आईचं घर पाडलं. तिने मला ती मोकळी जागा दाखवायला नेलं. इथे ओसरी, इथे माशांची कढई, या खिडकीतून समुद्र दिसायचा नाही पण ऐकू यायचा. ती रडत होती आणि मला तिचा हेवा वाटत होता. तिला बोट दाखवायला जागा तरी होती. मी तुझ्या गावी जाऊन विचारलं, तर मामा म्हणाले तळं केव्हाच बुजवलं, शेजारचे म्हणाले इथे नव्हतंच, तिकडे होतं. मी दोन्हीकडे जाऊन उभी राहिले.

बाईही आता नाही. गुरुवारी मी एकटीच जाते, त्याच टोकाला बसते, गुडघ्यापर्यंत जाऊन परत येते. हे कागद गाडीच्या खणात, बॅजच्या ढिगावर ठेवून देईन. पाठवायचे तरी कुठे, आणि वाचून तू म्हणशील, अजून जळतेच काय. एकच सांगायचं राहिलं. इथल्या आपल्या लोकांत, जयंतीच्या कार्यक्रमात, मी आता तुझ्या तळ्याची गोष्ट सांगते. चांगली सांगते, लोक डोळे पुसतात. सुरुवात दर वेळी एकच असते, "माझ्या आईने मला एकदा जवळ बसवून सांगितलं." लेक समोरच्या रांगेत असते. तिने अजून एकदाही मला खोटं पाडलेलं नाही.