कणीस तसंच राहील

उआमान्त्ला,
१४ ऑगस्ट १९५८

प्रिय एर्लिंदाताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. पाऊस वेळेवर आहे, त्याच्याबरोबर माझा गुडघाही वेळेवर दुखतो. शेजारच्या गाढवाने पुन्हा एकदा माझी भोपळ्याची फुलं खाल्ली. भाऊजींचा खोकला कमी झाला असेल.

मी काढून पाठवलेलं चित्र परत पोचलं. तुझी ग्रासिएला स्वतः बसने घेऊन आली, सोबत तुझं पत्र. तू लिहितेस, मोलेच्या रश्श्याचं मडकं छान, निवडुंगाची बोंडं छान, टॉर्टियांची टोपली छान. फक्त मधलं ते काळं कणीस काढून तिथे द्राक्षांचा घड घालावा, म्हणजे तुझ्या लेकीच्या नव्या घरात, जेवणघराच्या भिंतीवर शोभेल.

नाही घालणार.

मला द्राक्षं काढता येत नाहीत असं समजू नकोस. वीस वर्षं मी द्राक्षांवरच पोट भरलं. इथल्या डॉक्टर-वकिलांच्या जेवणघरांत माझीच द्राक्षं टांगलेली आहेत, शेजारी परदेशी चीज आणि वाइनचा पेला. यातलं काही त्यांच्या ताटात मी कधी पाहिलं नाही. आई विचारायची, "माझं कणीस कधी काढशील गं?" मी म्हणायची, "आई, बुरशी आलेलं कणीस कोण विकत घेईल?"

"मी रोज विकतेच की," ती म्हणायची.

ती होती तोवर मी ते काढलं नाही. याची मला लाज वाटते. म्हणून तू 'आपल्याकडच्या जेवणाचं' चित्र मागितलंस, तेव्हा आधी कणीस काढलं आणि बाकी सगळं त्याच्याभोवती मांडलं. एका दिवसात ते पाणी सोडतं, म्हणून जुलैत नऊ दिवस रोज ताजं आणलं आणि रोज संध्याकाळी खाऊन टाकलं. ते फुगलेले राखाडी दाणे, आत शाईसारखे काळे, मला इतके नीट कधीच जमले नव्हते.

तुझ्या विहीणबाई चित्रापुढे उभ्या राहून म्हणे विचारत होत्या, "अगं बाई, हे सडलेलं कशाला काढलंय?" आणि तू म्हणालीस, "कुणास ठाऊक, आमच्या घरात असलं कधी आलं नाही." ग्रासिएलाने सांगितलं. चहाडी म्हणून नाही, पोरीला खरंच कळत नव्हतं.

"मावशी, हे खातात?" तिने विचारलं.

मी तवा ठेवला. कांदा, हिरवी मिरची, काळे दाणे. टॉर्टियात घालून दुमडलं. पहिला घास तिने औषध घ्यावं तसा डोळे मिटून घेतला. चौथी टॉर्टिया तिने स्वतःच दुमडली.

"आईने हे कधी कसं केलं नाही?"

"तुझी आई बाजाराच्या दारात हे विकायची," मी म्हणाले. "आजी दुमडायची, तुझी आई ओरडायची. गिऱ्हाईक तिच्या आवाजालाच यायचं."

सांगून टाकलं. आजी शाळेत शिकवायची असं तू तिला सांगितलं आहेस, हे मला ठाऊक होतं. ती एवढीशी होती तेव्हापासून तुझं हे खोटं मी सांभाळलं. आता नाही सांभाळणार.

आणि ताई, एक विचारते. कणसावर तू अडीच पानं लिहिलीस, रुमालावर एक अक्षर नाही. टोपलीतल्या टॉर्टिया ज्यात गुंडाळल्या आहेत, तो रुमाल. लाल दोऱ्याने भरलेला दोन डोक्यांचा पक्षी. एक डोकं पुरं आहे, दुसऱ्याची जागा कोरी. सोळाव्या वर्षी राजधानीची बस पकडायची म्हणून तो तसाच टाकून गेलीस. पेन्सिलीची आखणी धुण्यात केव्हाच गेली. आईने मरेपर्यंत रोज त्यातच टॉर्टिया गुंडाळल्या. एकदा मी ते डोकं भरायला सुई घेतली, तर तिने हातावर चापट मारली. "ते एर्लिंदाचं आहे. ती येऊन करेल."

तू रुमाल ओळखलास. तुला कणसाची भीती नव्हतीच.

चित्र ग्रासिएलाने ठेवून घेतलं आहे, कणसासकट. लग्नाआधी स्वतः भिंतीत खिळा ठोकणार आहे म्हणाली. विहीणबाईंनी विचारलं तर ते काय आहे आणि कुणाच्या हातचं, हे ती सांगेल. त्या चित्राखाली बसून तुला जेवता येईल की नाही, ते तुझं तू बघ. मला त्यात एक रेघसुद्धा बदलायची नाही.

रुमाल मात्र तिच्याबरोबर पाठवलेला नाही. तो इथे टोपलीत आहे, रोजच्या वापरात. लाल दोरा आईच्या डब्यात आहे. यायचं तर ये. पण आईच्या अंत्यविधीला आलीस तशी मागच्या गल्लीने नको, बाजाराच्या दारातून ये.

टोमासा कणीसवालीची धाकटी मुलगी,
बाल्बिना